गुढीपाडवा ते गुढीपाडवा : घरातल्या न वाचलेल्या पुस्तकांसाठी एक वर्ष

वैनगंगा

येत्या १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि शके १९४८ सुरू होत आहे. या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक आहे, त्यामुळे पुढचा पाडवा थेट ७ एप्रिल २०२७ रोजी येतो. म्हणजे हे वर्ष तब्बल ३८४ दिवसांचे आहे. नागपुरातल्या आम्ही काही वाचकांनी या लांबलेल्या वर्षासाठी एक संकल्प केला आहे, आणि त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. संकल्प असा की घरात आलेल्या, पण अजून न वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा निर्णय पुढच्या पाडव्यापर्यंत झाला पाहिजे. निर्णय दोनच प्रकारचे असतील : एक तर ते पुस्तक वाचायचे, नाही तर ते ज्याला वाचावेसे वाटेल अशा माणसाच्या किंवा ग्रंथालयाच्या हाती द्यायचे. 'कधी तरी वाचू' हे उत्तर या वर्षापुरते बंद.

वर्षभरात पन्नास पुस्तके वाचण्याचे संकल्प आपण सर्वांनी पाहिले आहेत. मला ते पुरेसे वाटत नाहीत, कारण आकडा समोर असला की माणूस नकळत शंभर पानांची पुस्तके निवडतो आणि ज्या जाडजूड ग्रंथांसाठी संकल्प करायला हवा होता ते पुन्हा मागच्या रांगेत जातात. शिवाय आकडा गाठण्यासाठी नवी पुस्तके विकत आणली जातात आणि जुनी तशीच राहतात. आपल्या घरात न वाचलेली पुस्तके साचतात त्याची कारणे पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. साहित्य संमेलनाच्या ग्रंथदालनातून उत्साहाने आणलेली, सत्काराच्या वेळी शाल-श्रीफळाबरोबर मिळालेली, मुलांना बक्षीस म्हणून आलेली, ओळखीच्या लेखकाने स्वाक्षरी करून दिलेली आणि घरातले वडीलधारे गेल्यानंतर त्यांच्या कपाटातून आपल्याकडे आलेली अशी ही पुस्तके असतात. यांतली निम्मीअधिक आपण निवडलेलीच नसतात. ती सगळी वाचण्याचे ओझे घेणे शक्य नाही आणि योग्यही नाही. पण त्यांची दखल न घेणे हे मात्र पुस्तकावर अन्याय करणारे आहे असे मला मनापासून वाटते.

थोडा हिशेब मांडते. रोज वीस पाने वाचली तर ३८४ दिवसांत ७,६८० पाने होतात. पुस्तक सरासरी अडीचशे पानांचे धरले तर ही तीस पुस्तके झाली. लग्नसराई, आजारपण, परीक्षा आणि प्रवास यांचे दिवस वगळून तीनशेच दिवस हाती लागले, तर सहा हजार पाने, म्हणजे चोवीस पुस्तके. ज्यांच्या घरी न वाचलेली ऐंशी-शंभर पुस्तके आहेत त्यांना यावरून लगेच कळेल की वाचण्याइतकेच निवडणेही महत्त्वाचे आहे.

पद्धत साधी ठेवली आहे. पाडव्यापूर्वी प्रत्येक कपाट, ट्रंक आणि माळा उघडून न वाचलेल्या पुस्तकांची यादी वहीत लिहायची. यादी स्मरणावरून करू नये. पुस्तक हातात घेऊनच नोंद करावी, कारण आपण वाचलेच आहे असे वाटणारी अनेक पुस्तके प्रत्यक्षात अर्धवट सोडलेली निघतात. त्यानंतर प्रत्येक पुस्तकाची पहिली पन्नास पाने मन लावून वाचायची आणि मग ठरवायचे. वर्षभर नवी खरेदी शक्यतो टाळावी. आपली मते, शंका आणि दुरुस्त्या जरूर लिहाव्यात.

धंतोलीकर

वैनगंगाताई, संकल्प मनापासून आवडला आणि मी त्यात सहभागी आहे. मात्र पन्नास पानांच्या नियमावर माझा आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा अशी विनंती आहे. कादंबरीला हा नियम चालतो, आणि तोही सर्व कादंबऱ्यांना नाही. जुन्या ऐतिहासिक कादंबरीत पन्नास पानांपर्यंत लेखक केवळ दरबार आणि किल्ला उभा करत असतो. वैचारिक ग्रंथात पहिली पन्नास पाने पूर्वसूरींच्या मतांच्या खंडनात जातात आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे तिसऱ्या प्रकरणात सुरू होते. चरित्रात घराण्याची वंशावळ संपता संपत नाही. अशा पुस्तकांचा निकाल पन्नासाव्या पानावर लावला तर आपण लेखकाचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच उठून गेल्यासारखे होईल.

वैचारिक पुस्तकासाठी मी वेगळी रीत वापरतो. आधी प्रस्तावना आणि अनुक्रमणिका पूर्ण वाचायची, मग शेवटचे प्रकरण, आणि मग मधले असे एक प्रकरण ज्याचा विषय आपल्याला थोडाफार ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर लेखक काही नवे सांगतो आहे का, हे त्या एका प्रकरणातून कळते. तेवढ्यावर निर्णय घेतला तर तो सहसा बदलावा लागत नाही.

कवितासंग्रहाला तर पानांचा हिशेब लागूच होत नाही. आपल्या गावात ग्रेस राहिले आणि लिहिते झाले. त्यांची कविता रोज वीस पानांच्या वेगाने वाचणारा वाचक नेमके काय वाचेल, याची मला कल्पना करता येत नाही. कवितासंग्रह वर्षभर उशाशी ठेवावा, रोज एक कविता वाचावी, ती आवडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाचावी. असा संग्रह यादीत वेगळा लिहावा.

अजनीकर

मी मिहानमध्ये नोकरी करतो आणि रोज अजनीहून खापरीपर्यंत मेट्रोने जातो. संकल्पात सामील होण्याची इच्छा आहे, पण दोन शंका आहेत. पहिली अशी की मोबाइलमध्ये विकत घेतलेली आणि न वाचलेली ई-पुस्तके यादीत धरायची का? कपाटातल्या पुस्तकांवर निदान धूळ दिसते. मोबाइलमधली पुस्तके किती साठली आहेत हे कोणालाच दिसत नाही. दुसरी शंका ऐकण्याच्या पुस्तकांची आहे. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि ती सध्या पुस्तके ऐकते. तिचाही सहभाग धरला जावा असे मला वाटते.

वैनगंगा

अजनीकर, दोन्ही धरावीत. पैसे देऊन किंवा मागून घेतलेले प्रत्येक पुस्तक, मग ते कागदावर असो वा पडद्यावर, यादीत आले पाहिजे. आईंनी ऐकलेले पुस्तक वाचलेलेच आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

धंतोलीकर, आपला आक्षेप मान्य आहे. पन्नास पाने कथा-कादंबरीसाठी ठेवू आणि वैचारिक ग्रंथांना आपली रीत लावू.

इंदोरा

मला या चर्चेत एक वेगळी बाजू मांडायची आहे आणि ती मांडल्याशिवाय मी या संकल्पात येऊ शकणार नाही.

आमच्या घरातली बहुतेक पुस्तके दीक्षाभूमीवरून आलेली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली, आणि तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला देशभरातून येणारे लोक परतताना पुस्तके घेऊन जातात. ज्यांनी हा परिसर त्या दिवसांत पाहिला आहे त्यांना मी सांगण्याची गरज नाही. पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीच्या ओळी लागलेल्या असतात, आणि रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेला, दिवसभराच्या मजुरीचा हिशेब करणारा माणूस तिथे उभा राहून पुस्तक निवडत असतो. माझ्या आजोबांना अक्षरओळख बेताचीच होती. तरी ते दरवर्षी एक पुस्तक घेत. ती पुस्तके त्यांनी वाचली नाहीत, पण त्यांनी ती घेतली म्हणून माझे वडील शिकले असे मी मानतो. अशी पुस्तके 'न वाचलेली' या सदरात टाकून 'वाचा किंवा द्या' असा निर्णय मागणे मला पटत नाही. ती मी वाचली नाहीत तर माझी मुलगी वाचेल, आणि तोपर्यंत ती घरातच राहतील.

दुसरी गोष्ट खरेदी बंद ठेवण्याची. यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी मी दीक्षाभूमीवर जाईन आणि पुस्तक घेईन. यात सवलत मागत नाही, केवळ आधी सांगून ठेवत आहे.

तिसरी गोष्ट मात्र सर्वांच्या उपयोगाची आहे. जाड ग्रंथ एकट्याने वाचून होत नाहीत, ते समूहात होतात, हा आमच्या वस्तीतला अनुभव आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि त्या तीन महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, शंका विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी पुढे सुरू होते. ज्या आजींना अक्षर येत नाही त्यांनीही हा ग्रंथ असा अनेकदा 'वाचलेला' आहे आणि त्यांच्याशी त्यावर बोलताना मी जपून बोलतो. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड प्रसिद्ध करत आले आहे. त्या कामाची घडी बसवणारे संपादक वसंत मून हे आपल्या नागपूरचेच. हे खंड कित्येक घरांत ओळीने मांडलेले आहेत आणि फार थोड्या घरांत सलग वाचलेले आहेत. या संकल्पाच्या निमित्ताने एखादा खंड चार-पाच जणांनी मिळून रविवारी वाचायला घेतला तर मी त्यात पुढाकार घ्यायला तयार आहे.

धंतोलीकर

इंदोरा, मी येतो. खंड आपण निवडावा.

वैनगंगा

इंदोरा, आपण लिहिलेले दोनदा वाचले. 'वाचा किंवा द्या' या दोन पर्यायांत आपल्या आजोबांच्या पुस्तकांना जागा नाही, हे खरे आहे, आणि ती असायला हवी. म्हणून तिसरा पर्याय जोडू या : जतन. एक अट मात्र असावी की जतन का करायचे आणि कोणासाठी करायचे हे त्या पुस्तकासमोर वहीत एका वाक्यात लिहावे. आपल्या बाबतीत ते वाक्य आधीच लिहून झाले आहे. ज्या पुस्तकाबद्दल असे एक वाक्यही लिहिता येणार नाही ते जतनात धरू नये, अन्यथा आपण सगळेच कपाट जतनात टाकू.

ग्रंथालयवाला

एका सार्वजनिक ग्रंथालयात अनेक वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे. पुस्तके देण्याचा विषय निघाला आहे म्हणून काही गोष्टी लिहितो, कारण या बाबतीत चांगल्या हेतूनेच फार गोंधळ होतो.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. त्यांपैकी तिसरा नियम असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. देणगीचा विचार या नियमाने करावा. ग्रंथालयाच्या दारात पोती उतरवून ठेवली म्हणजे पुस्तकाला वाचक मिळत नाही. देणगीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करावी लागते, त्याला दाखल क्रमांक द्यावा लागतो, वर्गीकरण करावे लागते, शिक्का मारून जागा द्यावी लागते. आपल्या राज्यात १९६७ सालच्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडतात, आणि ड वर्गातल्या लहान ग्रंथालयात ही सगळी कामे बहुधा एकच माणूस अल्प मानधनावर करत असतो. त्याच्याकडे तीनशे पुस्तके एकदम नेली तर ती वर्षभर बांधलेलीच राहतात.

म्हणून आधी यादी पाठवावी. यादीत पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पुस्तकाची अवस्था एवढे असावे. ग्रंथपाल त्यातून हवी ती निवडेल. त्याने निम्मी नाकारली तर मनाला लावून घेऊ नये. बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, जुनी स्पर्धा परीक्षा मार्गदर्शके, मासिकांचे सुटे अंक आणि पाने गळालेली पुस्तके कोणतेही ग्रंथालय सहसा घेत नाही. बालसाहित्य, चरित्रे, शेती, आरोग्य आणि प्रवासवर्णने यांना ग्रामीण भागात नेहमीच मागणी असते. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांकडे गाजलेल्या पुस्तकांच्या प्रती आधीच असतात, त्यामुळे काटोल, उमरेड, रामटेक, भिवापूर या बाजूच्या लहान ग्रंथालयांचा आणि शाळांचा विचार आधी करावा असे मी सुचवीन. मार्चअखेरीस सगळीकडे हिशेबाची आणि अहवालाची घाई असते. देणगीचे बोलणे एप्रिलनंतर काढावे.

आणखी एक विनंती. पुस्तक देण्यापूर्वी त्याचे प्रत्येक पान उलटून पाहा. आमच्याकडे देणगीत आलेल्या पुस्तकांतून जुनी पत्रे, जन्मपत्रिका, छायाचित्रे आणि एकदा तर पदवीचे मूळ प्रमाणपत्र निघाले होते.

महालकर

आपले सर्वांचे लिहिणे वाचून काल माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली. महालातले आमचे घर जुने आहे आणि ट्रंकेत पणजोबांच्या काळापासूनची पुस्तके आहेत. कित्येकांची पाने तपकिरी झाली आहेत आणि बोट लावले की कोपरा तुटतो. काहींना कसर लागली आहे, बांधणी पोखरली गेली आहे. अशी पुस्तके वाचायची कशी आणि त्यांचे करायचे काय? ग्रंथालयवाला काका, कृपया मार्गदर्शन करावे. उन्हात वाळवावीत असे शेजारी सांगतात.

ग्रंथालयवाला

महालकर, उन्हात मुळीच ठेवू नका. ऊन लागल्याने कागद आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो. सावलीत, हवा खेळती असेल अशा खोलीत पुस्तके उभी करून पाने थोडी उघडी ठेवा.

कागद तपकिरी होण्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्यापासून स्वस्त कागद तयार होऊ लागला आणि त्यात तुरटी व राळ वापरली जाई. त्यातून कागदात आम्ल तयार होते आणि ते आतूनच कागद खात राहते. ही क्रिया घरी उलटवता येत नाही, फक्त मंदावता येते. कसर मात्र बाहेरून येते. तिला बांधणीतली खळ आणि कागदावरचा स्टार्च आवडतो, आणि दमट, अंधारी, न हलवलेली जागा मिळाली की ती वाढते. नागपुरात लोकांना वाटते की आपली हवा कोरडी आहे, म्हणून पुस्तके सुरक्षित आहेत. पण एप्रिल-मेमध्ये आपण घरोघरी कूलर लावतो आणि त्या खोलीतला ओलावा पावसाळ्यासारखा होतो. कूलरच्या झोतासमोरच्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट असेल तर जूनपर्यंत पुठ्ठे फुगतात आणि मग पावसाळ्यात बुरशी धरते. कपाट कूलरपासून दूर आणि भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे.

कीड जिवंत असल्याची शंका असेल तर पुस्तक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा, नाही तर पाण्याचे थेंब पानांवर जमतात. त्यानंतर मऊ ब्रशने कसरीची घाण झटकावी. कडुनिंबाची वाळलेली पाने आणि वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे, पण पाने पुस्तकाच्या आत घालू नयेत. त्यांचे डाग पडतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर कधीही लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो.

वाचण्याबद्दल सांगायचे तर ठिसूळ प्रत वाचूच नका. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे १९६५ किंवा त्यापूर्वी निवर्तलेल्या लेखकांची पुस्तके आज सर्वांसाठी खुली आहेत. त्यांपैकी पुष्कळ पुस्तकांच्या छायाप्रती संगणकावर मिळतात. वाचन तिथून करावे आणि मूळ प्रत जतनात धरावी.

महालकर

मनःपूर्वक धन्यवाद, काका. ट्रंकेत केतकरांच्या ज्ञानकोशाचे काही खंडही आहेत. तेवीस खंडांपैकी आमच्याकडे थोडेच आहेत. ते यादीत घ्यायचे का?

धंतोलीकर

संदर्भग्रंथ वाचायचा नसतो, पाहायचा असतो. कोश आणि शब्दकोश यादीतून वगळावेत असे माझे मत आहे. तसेही केतकरांचा ज्ञानकोश आता महाजालावर उपलब्ध आहे.

अंबाझरी

अधिक महिन्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात आला आणि मला फार आनंद झाला. यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा पूर्ण तीस दिवसांचा आहे. २५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो, पारा पंचेचाळीसच्या वर असतो आणि दुपारी अकरा ते पाच नागपूरकर घराबाहेर पडत नाहीत. एखादा मोठा ग्रंथ हाती घेण्यासाठी यापेक्षा योग्य काळ वर्षात दुसरा नाही.

मी या तीस दिवसांत ज्ञानेश्वरी अर्थासह वाचणार आहे. अठरा अध्यायांत मिळून सुमारे नऊ हजार ओव्या आहेत, म्हणजे रोज तीनशे. पारायणाची पोथी आमच्या देवघरात पूर्वीपासून आहे आणि सासूबाईंनी तिची अनेक पारायणे केली. पारायणाबद्दल मला आदर आहे. पण मला ती यंदा समजून घ्यायची आहे, एखाद्या ओवीपाशी अडले तर तिथेच थांबायचे आहे, आणि तीनशेचा नेम मोडला तरी चालणार आहे. ज्यांना रोज थोडेच वाचणे जमते त्यांनी दासबोध घ्यावा. वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास, असे दोनशे समास आहेत. रोज एक समास वाचला तरी सात महिन्यांच्या आत ग्रंथ पूर्ण होतो.

आता मला जे खरे लिहायचे आहे ते लिहिते. अधिक महिना म्हणजे जावयाचे धोंडे जेवण, अनारसे, वाण, दीपदान आणि येणारे-जाणारे पाहुणे. हे सर्व करणाऱ्या बाईला दुपारचे ते सहा तास मोकळे मिळतात असे समजू नये. या धाग्यावर रोज वीस पानांचा हिशेब मांडला गेला आहे, पण घरातल्या बाईची वीस पाने सलग होत नाहीत; चार पाने झाली की दाराची घंटा वाजते. ती वाचत बसलेली दिसली की ती रिकामी आहे असेच घर समजते. म्हणून मी पाडव्याला घरात सर्वांसमोर सांगणार आहे की दुपारी दोन ते तीन ही वेळ माझ्या वाचनाची आहे, त्या वेळी चहा ज्याने त्याने करून घ्यावा. ज्या भगिनी या संकल्पात येत आहेत त्यांनी पुस्तकांच्या यादीआधी ही वेळ घरात ठरवून घ्यावी, आणि जे बंधू येत आहेत त्यांनी घरात दुसरे कोण वाचू इच्छिते याची चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वैनगंगा

अंबाझरी काकू, हे आपण लिहिले नसते तर संकल्पात मोठी उणीव राहिली असती. मी माझ्या घरातही ही वेळ ठरवून घेणार आहे.

पाचगाव

दिवाळी अंकांचे काय करायचे? आमच्याकडे त्यांचे ढीग आहेत.

ग्रंथालयवाला

'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हा प्रश्न असावा. मी असे सुचवतो की प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका पाहून त्यातले वाचायचे लेख पेन्सिलीने खुणेत घ्यावेत, तेवढे वाचावेत आणि अंक पुढे द्यावा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. नवे अंक येण्यापूर्वी जुने मार्गी लागले पाहिजेत. सुटे अंक ग्रंथालये घेत नसली तरी रुग्णालयातल्या प्रतीक्षा कक्षात किंवा वृद्धाश्रमात ते आनंदाने वाचले जातात. मात्र एखाद्या अंकाचे जुने, सलग वर्षांचे संच असतील तर ते फोडू नका. अभ्यासकांना अशा संचांचा शोध असतो. विदर्भ साहित्य संघासारख्या जुन्या संस्थेकडे किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे आधी विचारणा करावी.

अजनीकर

माझी यादी पूर्ण झाली. कागदावरची पुस्तके अपेक्षेइतकीच निघाली, मोबाइलमधली मात्र त्यांच्या दुप्पट. मेट्रोसाठी बॅगेत मावणारी लहान पुस्तके आणि घरी रात्रीसाठी एक जाड ग्रंथ अशी दोन पुस्तके एकाच वेळी चालू ठेवावीत असे ठरवले आहे. जाड ग्रंथ प्रवासात नेण्याच्या हट्टापायीच तो अर्धवट राहतो असे माझे निरीक्षण आहे. आईने ऐकण्यासाठी एक चरित्र निवडले आहे आणि रोज संध्याकाळी ती मला त्यातला भाग सांगते. ते पुस्तक कपाटात छापील रूपात असूनही मी कधी उघडले नव्हते. आता तिच्या बरोबरीने वाचतो आहे.

इंदोरा

रविवारच्या वाचनासाठी आतापर्यंत धंतोलीकर, पाचगाव आणि मी असे तिघे आहोत. आणखी दोघे आले तर बरे होईल. ज्यांना मोठ्याने वाचण्याचा संकोच आहे त्यांनी केवळ ऐकायला यावे. जागा इंदोऱ्यातली आहे. पत्ता निरोपाने कळवतो. सुरुवात पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, २२ मार्चला सकाळी आठ वाजता.

वैनगंगा

चर्चेतून ठरलेले आता वहीत उतरवले आहे. प्रत्येक पुस्तकासमोर तीनपैकी एक शब्द असेल : वाचले, दिले किंवा जतन. 'दिले' असेल तर कोणाला, आणि 'जतन' असेल तर कशासाठी, हे लिहायचे. कवितासंग्रह आणि समूहवाचनाचे ग्रंथ वेगळ्या पानावर, कोश यादीबाहेर. खरेदीवर पूर्ण बंदी नाही. पण विकत घेतलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची नोंद त्याच दिवशी यादीत झाली पाहिजे.

१५ मार्चच्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता सीताबर्डी मेट्रो स्थानकाबाहेर भेटावे असे ठरवत आहे. ज्यांची पहिली पाहणी झाली आहे आणि जी पुस्तके आपण वाचणार नाही हे ज्यांना निश्चित कळले आहे, त्यांनी ती आणावीत. आधी आपापसांत अदलाबदल करू आणि उरलेल्यांची यादी ग्रंथालयवाला काकांच्या सांगण्याप्रमाणे लहान ग्रंथालयांना एप्रिलनंतर पाठवू. तोपर्यंत प्रत्येकाने पाडव्याला सुरू करायच्या पुस्तकाचा विषय आणि पृष्ठसंख्या इथे लिहावी. माझे पहिले पुस्तक विदर्भातल्या तलावांच्या इतिहासावरचे आहे, ४१२ पानांचे.

महालकर

पणजोबांच्या ट्रंकेतले एक प्रवासवर्णन, १८६ पाने. लेखक १९४०च्या दशकातच निवर्तले होते, त्यामुळे संगणकावरून वाचत आहे. मूळ प्रत पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली आहे, २ मार्चला काढीन.

अंबाझरी

ज्ञानेश्वरी मे महिन्यासाठी ठेवली आहे. पाडव्यापासून वऱ्हाडी लोकगीतांचा एक संग्रह, २४० पाने, दुपारी दोन ते तीन.